बातमी आधी माझ्याकडे

३ मार्च, सकाळी ७
मुलीचे दिवस भरलेत. डॉक्टरीणबाईंनी नऊ तारीख दिली आहे. जावयांना बजावलं, बातमी आधी माझ्या फोनवर. तुमच्या सासूबाईंना करू नका, त्या गडबडतात. पुढे सगळ्यांना मी कळवीन. चौदा नंबरांची यादी तयार. हे शांत डोक्याच्या माणसाचं काम.

दुपारी २
फोनला रेंज नाही. बंद करून चालू केला. आली. गेली. किरकोळ बाब. कारखान्यात तेहेतीस वर्षं हत्तीएवढ्या मोटारी वठणीवर आणल्या, हा तर तळहाताएवढा.

४ मार्च
एअरप्लेन मोड दहा वेळा चालू-बंद. मग सिम काढायचं ठरवलं. पिन सापडेना, हिच्या कानातल्याची तार वापरली. वाकली. हिने दुसरं कानातलं कपाटात कुलपात ठेवलं. सिम खोडरबराने पुसून बसवलं. उलटं बसलंय हे अर्ध्या तासाने कळलं. ही शक्यताही तपासायलाच हवी होती.

५ मार्च
'नेटवर्क सेटिंग रीसेट' दाबलं. रेंज आली नाही, वायफायचा पासवर्ड मात्र गेला. कोणाला ओळखता येऊ नये असा अवघड पासवर्ड मीच ठेवला होता. मलाही ओळखता येईना. असो. दोष कुठे नाही, ते कळत चाललंय.

६ मार्च
खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला की रेंजच्या दोन दांड्या येतात. दिवसभर तसाच उभा. समोरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, कोणाला हात करताय. हिने जेवण खिडकीतच आणून दिलं. म्हणाली, माझ्या फोनला चांगली रेंज आहे, जावयांना सांगू का. हिचा फोन बटणांचा, मागे चिकटपट्टी लावलेला. मी म्हटलं, ऐन वेळी व्यवस्था बदलायची नसते.
खांदा दुखतोय. उद्या डावा हात.

७ मार्च
हिच्याच फोनवरून कस्टमर केअरला लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, तक्रार नोंदवली आहे, काय झालं ते तुमच्या नंबरवर फोन करून कळवू. मी समजावलं की त्या नंबरवर फोन येत नाही हीच तक्रार आहे. ती म्हणाली, हो सर, तेही नोंदवलं.
झोप उडाली आहे. काळजी नाही, फक्त दक्षता.

८ मार्च, सकाळी १०.३०
साडेआठपासून मोबाइलवाल्याच्या बाकावर. नंबर लागल्यावर त्याने फोनचं कव्हर काढलं आणि दांड्या भरल्या. म्हणाला, काका, याच्या पाठीला लोखंडी पत्रा आहे. रविवारी, मजबूत म्हणून, मीच घेतलं होतं. त्याला सांगितलं, मला हाच संशय होता.
लगेच फोन किणकिणायला लागला. जावयांचे अकरा मिस्ड कॉल. लावतोय तर त्यांचा एंगेज.

११.१५
घराला कुलूप. किल्ली शिंपीणबाईंकडे. त्यांनी आधी अभिनंदन केलं, मग किल्ली दिली. नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. तुम्हाला फोन लागेना म्हणून जावयांनी वहिनींना केला, म्हणाल्या. ही साडेनऊच्या बसने गेलीसुद्धा. निरोप ठेवलाय, पुढच्या बसने या, गॅस बंद आहे का बघा.
जरा वेळ पायरीवर बसलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

११.४०
बस एकला. रेंज फुल. यादी काढली. कळवणं ही माझी जबाबदारी, ती मी पार पाडणार.

१२.३०
तेरा झाले. धाकटा भाऊ म्हणाला, वहिनींनी मघाशीच सांगितलं. मेहुणी बसमध्ये हिच्या शेजारीच बसलेली. व्याह्यांनी बाळाचं वजनही सांगितलं. बाकीच्यांनी 'हो, कळलं' एवढंच.
शेवटी थोरल्या ताईला लावला. तिला कमी ऐकू येतं, तिच्यापर्यंत नक्कीच काही पोचलं नसणार. माझा आवाज ऐकताच ओरडून म्हणाली, बरं झालं तुझा फोन लागला, तुला कोणी कळवलं की नाही कोण जाणे, अरे, तू आजोबा झालास.