बुधवारची गवार

मुकुंदवाडी,
५ नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृती हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

ती सकाळ अजून आठवते. मी गवार निवडत होते, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तुझे काका पेपर मोठ्यानं वाचत बसले होते. रोजच ते असे वाचायचे, मी शेजारून अक्षरं बघायची. वाचायला शिकले ती अशीच. त्या सकाळी त्यांनी गंमत म्हणून लॅपटॉपवर सगळं रेकॉर्ड केलं. शेवटी काहीतरी बोलले आणि मी हसले. काय बोलले, तेच आठवत नाही. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, ऐकायचं धाडस आत्ता झालं, तर आवाजच नाही.

लॅपटॉपचा पडदा गेला, म्हणून उस्मानपुऱ्यातून मॉनिटर आणून जोडला. चित्र दिसतं, ऐकू काही येत नाही. मुका मॉनिटर गळ्यात मारला म्हणून दुकानदाराशी लई भांडले. तो म्हणाला, आजी, याला स्पीकर नसतोच. गिऱ्हाईकं हसली, मग मीही हसून घेतलं.

त्या लॅपटॉपात लिनक्स तू घातलंस, आता तूच निस्तर. फोनवरचं मी फोन ठेवला की विसरते, कागदावर लिही. आज बुधवार, काकांच्या आवडीची गवार केली आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आशामावशी

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आशामावशीस, शि. सा. न.

दुकानदाराला माफ कर. मॉनिटरची वायर जोडली की लॅपटॉप आवाजही त्याच वायरीनं तिकडं पाठवतो, पलीकडं स्पीकर असो वा नसो. सेटिंग्जमध्ये साउंड उघड. आउटपुटसमोर एचडीएमआय, म्हणजे ती मॉनिटरची वायर, दिसेल. त्याजागी स्पीकर निवड. रेकॉर्डिंग कुठंही गेलेलं नाही, घाबरू नकोस. आणि कृपा करून काही पुसून टाकू नकोस!

काका काय म्हणाले ते कळव. मला सांगण्यासारखं असेल तर.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.
तुझी संस्कृती

मुकुंदवाडी,
२० नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृती हिस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझं पत्र पुढ्यात ठेवून बसले. यादीत एचडीएमआय होतं, हेडफोन होता, स्पीकर नव्हता. घरात हेडफोन नाही, हे त्या मशीनला मी दोनदा बजावलं. मग त्याच्या कडेच्या भोकात बॅटरी मारली, तर आत अक्षतेचा दाणा! खंडेनवमीला विळी-कोयत्याशेजारी, काकांचं हत्यार म्हणून, मीच त्याची पूजा केली होती. त्या दाण्यामुळं त्याला हेडफोन लावल्यासारखं वाटत होतं. बंद करून सुपासारखा पाखडला. दाणा पडला, स्पीकर यादीत आला. तो निवडला आणि रेकॉर्डिंग लावलं.

कुकरची शिट्टी झाली तशी मी गॅस बंद करायला उठले. ओट्यापाशी गेल्यावर ध्यानात आलं. परत येऊन बसले.

बातमी वाचून झाल्यावर काका म्हणतात, चौतीस वर्षं खातोय, आता तरी ही गवार बंद कर की. आणि मी हसते. थट्टा समजले होते गं. चौदा महिने दर बुधवारी त्यांच्या फोटोपुढं गवारीचं ताट ठेवतेय, आणि बिचाऱ्यांना बोलायची सोय नाही! रेकॉर्डिंग माझ्या हसण्यावर संपतं. तीनदा ऐकलं.

येशील तेव्हा तुलाही ऐकवते. जिवाला जप.
तुझी आशामावशी

ता. क. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी भेंडी केली.