किराईत आधी की नंतर

७ जून १९९४
निकाल स्वच्छ! किराइताचा अर्क आठवडाभर आधी दिलेल्या उंदरांचं यकृत टीबीच्या गोळ्यांनंतरही जवळजवळ ठणठणीत. पेशी बिघडवणाऱ्या ऑक्सिडेशनच्या खुणा अगदी कमी. सर चक्क हसले. घरी जेवताना अक्काला, भावजींना सगळं सांगितलं. अक्का त्याच गोळ्या घेतेय, तीन महिने झाले. खूप खूश झाली.

१९ जून
अक्काचे डोळे पिवळे. उलट्या. गोळ्या यकृतावर आल्यात. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. कावीळ उतरली की एकेक करून परत देणार.

२८ जून
भावजींनी मार्केटातून नेलबेवु आणला, म्हणजे इकडच्या कानडीत आमचं किराईतच. सकाळ-संध्याकाळ काढा. अक्का तोंड वाकडं न करता पिते. कावीळ उतरतेय.
अक्का : "बघ, तुझ्या उंदरांचं औषध!"
गोळ्या थांबल्या म्हणून उतरतेय, म्हटलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

९ जुलै
डॉक्टर म्हणाले, पहिली गोळी आता सुरू करा. घरी आल्यावर अक्का : "नको. काढा पुरे. तूच सांगितलंस ना ग?" भावजी माझ्याकडे बघत राहिले. खोकला परत सुरू झालाय. दोघांनीही लपवलं होतं.

११ जुलै
दुसरा गट संपला. यांना यकृत बिघडल्यावर अर्क दिला होता. फरक शून्य, नुसतं पाणी दिलेल्यांइतकंच. दोनदा मोजलं. सर : "परत करून बघू."
म्हणजे आधीपासून असेल तरच राखण. तेही उंदरांत. आणि टीबीच्या जंतूंना हा अर्क काही करतो का, ते तर आम्ही बघितलेलंच नाही. त्या दिवशी जेवताना हे का नाही म्हटलं मी...

१२ जुलै
प्रयोगाची वही घेऊनच घरी आले. अक्काला सांगितलं.
"म्हणजे मी मूर्ख?"
"नाही ग. मीच अर्धं सांगितलं."
भाजी निवडायला घेतली. मग : "गोळीनं परत कावीळ झाली तर?"
होणार नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, "होऊ शकते. म्हणून रक्त तपासत राहायचं. मी येईन बरोबर."
"सरी, बरं." काढ्याचं पातेलं मात्र उचलू देईना. "स्वल्प तरी असू दे." डॉक्टरांना विचारून मगच, एवढं कबूल केलं.

१३ जुलै
पहिली गोळी. न्याहारीनंतर, माझ्यासमोर. काढा डॉक्टरांनी बंद करायला सांगितला. रागावलीय. माझ्यावरच.

२० जुलै
रक्त द्यायला गेलो. रांगेत अक्का आठवड्यात पहिल्यांदा नीट बोलली. "तुझ्या उंदरांना कळतं का ग, कोण कुठल्या गटात ते?"
नाही, म्हटलं.
"बरंय त्यांचं."
रिपोर्ट संध्याकाळी. भावजी आणायला गेलेत.