प्रौढ गटातलं जगज्जेतेपद

३ जानेवारी. सकाळ.
बॉक्सिंगच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ दहा जेतेपदांची माझी यादी अखेर फायनल. पहिला नंबर : पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झालेला तो हेवीवेट. नऊ राउंड मार खाल्ला, दहाव्यात एक उजवा, समोरचा आडवा. काल परत पाहिलं, डोळे भरून आले. मी सत्तेचाळीस. म्हणजे फार फरक नाही.

संकल्प : जिमच्या स्पर्धेत प्रौढ गटात उतरणे. जिंकणे.

बायको चार महिने माझ्या मेव्हणीकडे आहे. हवापालट. निघाली तेव्हा मी एक ऐतिहासिक फायनल बघत होतो. ती काहीतरी सांगत होती, मी हातानेच थांब म्हटलं. राउंड संपल्यावर वळलो तर खोलीत कोणी नव्हतं. तिने मला कधी जिंकताना पाहिलेलं नाही, हाच मूळ प्रॉब्लेम. पाहिलं की येईल.

५ जानेवारी.
पहाटे पळायला जाणार होतो. बूट सापडले नाहीत. कुठली वस्तू कुठे असते ते तिलाच माहीत. सकाळी फोन केला. साडूने उचलला. म्हणाला, आंघोळीला गेल्यात. अर्ध्या तासाने केला, तेव्हाही आंघोळीला. स्वच्छतेची तिला पहिल्यापासून आवड.

पळणं उद्यापासून.

११ जानेवारी. संध्याकाळ.
हॉलमध्ये दोरीच्या उड्या. खालचे शेजारी वर आले. विचारत होते, कपाट हलवताय का. आत घेतलं, चहा दिला आणि यादीतला दुसरा नंबर सांगितला. त्या चॅलेंजरला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. त्यात काही आठवड्यांपूर्वी त्याची आई गेलेली. तरीही कधीच न हरलेल्या चॅम्पियनला त्याने झोपवलं. शेजाऱ्यांनी बहुतेक आईचंच ऐकलं. माझा हात धरून म्हणाले, कधी गेल्या? माझी आई जाऊन बारा वर्षं झाली, पण तेव्हा खुलासा करवेना. दुसरा चहा होईपर्यंत ते बसले. बरं वाटलं. चार महिन्यांतले पहिलेच पाहुणे.

उड्या राहून गेल्या.

१९ जानेवारी.
आज जिममध्ये कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याशी सराव. मी मुद्दाम हात खाली ठेवले. मोठेमोठे चॅम्पियन असंच समोरच्याला जाळ्यात ओढायचे. कोच पोरगेलासा आहे, मला काका म्हणतो. ओरडून म्हणाला, काका, हात वर! मी म्हटलं, डावपेच आहे. तेवढ्यात बेकरीवाल्याने नाकावर ठेवून दिली. कोच नाकात कापूस कोंबत म्हणाला, काका, डावपेच नाही, दमलाय तुम्ही. पोराला इतिहासाचं वाचन कमी.

नाकाचा फोटो बायकोला पाठवला. तिने पाहिला. उत्तर नाही. गहिवरली असणार.

२७ जानेवारी.
आमच्या दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या बनवल्या. परवा सुटल्यावर तिथल्याच प्लास्टरमध्ये माझ्या दातांचा साचा घेऊन स्वतःसाठी माउथगार्ड बनवलं होतं. आज सवय व्हावी म्हणून घालून बसलो. एका डेंटिस्टचा अर्जंट फोन आला. माउथगार्ड निघेना, माझं बोलणं त्यांना कळेना. मालकांनी फोन हिसकावून घेतला. मग मला म्हणाले, आपली बिनदातांची गिऱ्हाइकं याहून स्पष्ट बोलतात. फिटिंग किती पक्कं झालंय हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

२ फेब्रुवारी.
आज फोनवर ती आली! सांगितलं, रविवारी चार वाजता, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखून ठेवलीय. तिने विचारलं, लागलं तर? मी म्हटलं, प्रश्नच येत नाही. मग तिसऱ्या नंबरपासून पुढची यादी सांगितली. सहाव्यापर्यंत ती अगदी गप्प. लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, बघते.

बघते म्हणजे येतेच.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
जिंकलो!

आमच्या वजनात दोघेच होतो. दुसऱ्याची सकाळी बूट बांधताना कंबर धरली. आणखीही बरेच जण आले नाहीत, त्यामुळे चारऐवजी दोनलाच मला एकट्याला रिंगमध्ये बोलावलं. पूर्ण तयारीनिशी उतरलो. रेफरीने माझा हात वर केला. कोचने टाळ्या वाजवल्या. खुर्च्या लावणाऱ्यानेही वाजवल्या, हात रिकामे होते म्हणून असेल. ट्रॉफी हलकी आहे, पण आहे.

पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर माझाच टॉवेल. कोच म्हणाला, काका, काकू चारला येणार ना, थांबा की. मी म्हटलं, चॅम्पियन थांबत नसतो. खरं तर थोडा वेळ थांबलो. जो तो कुणाबरोबर तरी आला होता. बेकरीवाला हरला, तर त्याची मुलगी त्याच्या हातांची पट्टी सोडवत होती आणि दोघं हसत होते. मी माझी पट्टी दातांनी सोडली. तिथे बसवेना. तिला यायचं असतं तर लवकर आली असती. तीनच्या आत घरी पोचलो.

यादीत दुरुस्ती : दहावा नंबर माझा.

९ फेब्रुवारी. सकाळ.
फोन जिमच्या बॅगेतच राहिला होता. आत्ता काढला. कोचचा कालचा मेसेज. काका, काकू येऊन गेल्या. चारच्या आधीच आल्या होत्या, सगळं आवरेपर्यंत पहिल्या रांगेत बसून होत्या. घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, किल्ली नाही, आणि हे फोन उचलत नाहीत. मोठी बॅग होती जवळ, वर उशी बांधलेली.

बाजारातून आली असेल, असं आधी इथे लिहिलं होतं. खोडलं. बाजारात कोणी उशी घेऊन जात नाही. तिला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. इथून जाताना तेवढी आठवणीने नेली होती.

फोन केला. पहिल्याच रिंगला तिनेच उचलला. विचारायचं होतं, येतेस का, मी घ्यायला येतो. तोंडातून निघालं, समोरचा आलाच नाही गं.

म्हणाली, हो, कळलं. तुम्हीही नव्हतात.

  मग अभिनंदन म्हणाली आणि फोन ठेवला.