तुळईला दोन बोटं बाक

ता. २ मे १९२८
काल दुपारी शुक्रवार पेठेत आग. सूत रंगवायच्या पत्र्याच्या शेडमधून निघाली. तिला लागूनच मल्लय्या विणकराचं मातीच्या छताचं माळवद, मी तीस वर्षांमागे बांधलेलं. वर पडलेल्या ठिणग्या छताच्या मातीतच विझल्या. पण जाळ खिडकीतून आत गेला आणि सुताचे गठ्ठे पेटले. माणसं, माग सगळं बाहेर निघालं, देवाची कृपा. शेडचे लोखंडी गर्डर मात्र भिंत ढकलून खाली आले. ते माझ्या पोराने, विष्णूने बसवलेले. घराचं छत पेलणारी माझी सागाची तुळई काळी ठिक्कर, पण जागेवर.
आज उभी आहे, उद्याचं काय?

ता. ३
विष्णू जेवला नाही. मी म्हणालो, "लोखंड जळत न्हाय म्हणत हुतास न्हवं?" तर म्हणतो, "जळलं कुटं, आण्णा? वाकलं." हसू आलं, दाबलं. बोलायला नको होतं.

ता. ५
म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर येऊन गेले. तरुण आहेत. काठीने तुळई ठोकली, कोळसा गळला. "पावसाच्या आत घर उतरवून घ्या." मी म्हणालो, "सायेब, साग वरनं जळतोय, आत लवकर जात न्हाय. दावतो." माझ्या हातात आता तेवढा जोर नाही, म्हणून वि. ला गिरमिटाने भोक पाडायला लावलं. आधी काळा भुगा, दोन बोटं खोल. मग पिवळा. सागाचा वास सुटला. साहेबांनी चिमटीत धरून पाहिला. मीही थोडा पुडीत बांधून आणला, उगाच.
मग त्यांनी या टोकापासून त्या टोकाला दोरी धरायला लावली. मधोमध तुळईला खाली दोन बोटं बाक. "लाकूड चांगलं आहे मिस्त्री, पण निम्मंच उरलंय. वर ओझं किती?" वीतभर माती, मी छातीठोक सांगितलं. अकरा तारखेला परत येतो म्हणाले. इंग्रजीत काय लिहून नेलं, मला तिसरी शिकलेल्याला काय कळणार.

ता. ६
तुळईखाली टेकू दिले, मग शिडी लावून वर गेलो. वि. ने खणून पाहिलं. वीतभर कुठली, हातभर! दरसाल पावसाआधी नवी माती टाकायची, जुनी कोणी काढायची नाही. सांगणारा मीच. "दोन पाट्या जास्तीच टाक, मल्लय्या." तीस वर्षं हेच...

ता. ७
मल्लय्या माती काढू देईना. "अय्यो मिस्त्री, हिनंच वाचीवलं. हिलाच काडू?" मी म्हणालो, "आईनं खांद्यावर खेळीवलं, म्हणून मिशा फुटल्यावर पण तिच्या खांद्यावरच बसायचं व्हय रं?" हसला, पण हो म्हणेना. शेवटी वि. बोलला, "काका, माझं छप्पर पडलं की. आण्णांचं तरी ऱ्हाऊ द्या."
पहिली पाटी मल्लय्याच्या बायकोने उचलली.

ता. ९
दोन दिवस पाट्याच. सगळी गल्ली लागली. दोन्ही अंगांनी सारखी काढा, एका बाजूला भार नको, ओरडून घसा बसला. वि. वरून म्हणतो, "आण्णा, तुमी खाली उतरा. तुमचंच ओझं लई हाय." बायासुद्धा हसल्या. वीतभर ठेवून बाकी सगळी उतरवली.

ता. १०
सकाळी टेकू काढले. दोरीचं एक टोक मी धरलं, एक वि. ने. बाक एक बोट! तीन वेळा मोजलं. एवढी जळलेली तुळई, ओझं उतरल्यावर बोटभर वर उठली. वि. ने तिच्यावरून हात फिरवला आणि तोच काळा हात माझ्या पायाला लावला. पाय अजून धुतलेले नाहीत.
म्हणतो, पुढच्या कामाला साग कसा निवडायचा ते दाखवा.
एक बोट बाक आहेच अजून. साहेब उद्या येणार. त्या बोटाला काय म्हणतील? पिवळ्या भुग्याची पुडी काढून ठेवली आहे. येतील तेव्हा मी तुळईखालीच बसलेला असेन.