जीप चालवणाऱ्याची चूक नव्हती

मी, विजयश्री भालचंद्र काटकर, वय एकसष्ट, राहणार पिंपळे गुरव, व्यवसाय मोटार ड्रायव्हिंग स्कूल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठीक आहे, तसा डॉ. मोहोळकरांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात रंगराव वाघचौरे यांना व्यवस्थापक नेमले होते. आता ते काम माझी भाची अंजली पाहील.

१. राहता फ्लॅट आणि शिकवणीची गाडी अंजलीला द्यावी. शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेला जादा ब्रेक काढू नये. तिचा नवरा अजून वळणावर घाबरतो.

२. हिंदुराव बोरगे यांचा पान्यांचा संच पुनावळ्याला त्यांच्या पत्नी चिमाबाई यांना द्यावा. हिंदुराव गेल्यावर मी तो परत करायला गेले होते. त्या म्हणाल्या, "मी काय करू ठिवून? तुझ्याकडं निदान कामाला येतोय." आता तरी त्यांनी नाही म्हणू नये.

३. माझी जुनी फियाट धम्मरत्न ओव्हाळ याची मुलगी मिनल हिला द्यावी. ती माझ्या एकटीची कधीच नव्हती. दारे हिंदुरावांनी कुदळवाडीच्या भंगारात शोधली, इंजिन रंगरावांनी बसवले, रंग धम्मरत्नने दिला. तो चाकणला कंपनीत पेंट शॉपला होता आणि सुट्टीच्या दिवशीही रंगच देत बसायचा. जुन्या गाड्या काढून आम्ही चौघे रविवारी हिंडायचो. मिनलने ती झाकून ठेवू नये, चालवावी.

४. रंगराव वाघचौरे यांना काहीही देऊ नये. कारण लिहिणे भाग आहे.

माझे यजमान वारले तेव्हा सगळे रंगरावांनीच निस्तरले. दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळत असे. २०१९च्या जानेवारीत आम्ही पहाटे भीमाशंकरला निघालो. पुढे हिंदुरावांची जीप, चालवायला धम्मरत्न, शेजारी हिंदुराव. मागे फियाटमध्ये मी आणि रंगराव. धुके दाट होते, म्हणून धम्मरत्न अगदी सावकाश चालला होता. चाकणच्या पुढे भर रस्त्यात एक कंटेनर उभा होता. दिवा नाही, मागे साधा दगडसुद्धा लावलेला नाही. जीप त्याच्याखाली गेली. मी जीपकडे धावले. रंगराव कंटेनरकडे गेले, नंबर पाहिला आणि फोन लावला. कंटेनर त्यांच्याच ट्रान्सपोर्टचा होता. आमचे दोघे दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

जबाबात रंगरावांनी सांगितले की धम्मरत्न रेस लावत होता आणि कंटेनरचे दिवे चालू होते. मी उलट सांगितले, तर साहेब म्हणाले, "ताई, धुक्यात तुम्हाला मागून काय दिसणार?" रंगरावांना मात्र त्याच काचेतून सगळे दिसले होते.

मी त्यांच्या घरी गेले. "ताई, गेलेली माणसं परत येणार आहेत का?" ते म्हणाले. "माझा धंदा बसेल."

"रंगभाऊ, त्याची पोरगी शाळेत जाते. तिला लोक काय म्हणतील?"

"लोक विसरतात."

मी चहा न घेता उठले. भाऊबीज तेव्हाच संपली.

हल्ली ते दर जानेवारीला दोघांच्या नावाने रॅली काढतात. फ्लेक्सवर मेलेल्यांचे फोटो लहान, यांचा मोठा. वर 'वेग आवरा' म्हणून भाषण. त्या फ्लेक्सवर माझा फोटो येऊ नये, रॅलीत फियाट जाऊ नये आणि माझ्या तिरडीला त्यांचा खांदा लागू नये. वरील हकिकत हा माझा अखेरचा जबाब समजावा आणि मिनलला वाचून दाखवावा.

५. साक्षीदारांबाबत. शेजाऱ्यांनी चौथे कलम वाचून पेन परत दिले. "ताई, माझा टेम्पो त्यांच्याकडं लागतो." त्यांना दोष देत नाही.

आज दुपारी रंगरावांच्या पत्नी सुमनताई माझ्या तब्येतीची चौकशी करायला आल्या. टेबलावरचे कागद त्यांनी उभ्यानेच वाचले. मी म्हटले, "वहिनी, तुम्हाला त्याच घरात राहायचंय."

"राहतेच आहे की," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी घरी फोन मीच उचलला होता. 'ड्रायव्हर गाडीत नाही, वहीतून नंबर काढून त्याला उठव, कंटेनरचे दिवे लावायला सांग,' एवढंच म्हणाले. माणसांचं काही बोललेच नाहीत."

मग त्यांनी विचारले, "सही कुठं करायची?"

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

सही: विजयश्री भालचंद्र काटकर

साक्षीदार:
१. डॉ. अजिंक्य मोहोळकर
२. सौ. सुमन रंगराव वाघचौरे

पिंपळे गुरव, १८ फेब्रुवारी २०२५