कुझनेत्सोव म्हणजे लोहार

तीर्थरूप आबांना नितेशचा नमस्कार,

मी खुशाल आहे. मालक गायब झाल्यापासून जहाज शारजासमोर नांगरलेलंच आहे. समोर इमारती दिसतात, पण उतरायला मनाई. जेवण मात्र वेळेवर येतं. तुमचा खोकला थांबला का?

आमचे रशियन चीफ इंजिनिअर कुझनेत्सोव. माझं आडनाव लोहार म्हणजे काय ते सांगितलं, तर हसून म्हणाले, "कुझनेत्स म्हणजे लोहारच! आमच्यात ॲडमिरल झाले, टेनिस चॅम्पियनही झाली." तेव्हापासून मला धाकटा भाऊ म्हणतात.

काल आम्हा दोघांपैकी एकालाच घरी जायची परवानगी आली. दुसऱ्यानं जनरेटर सांभाळायचा. त्यांची बायको इस्पितळात आहे. मी म्हणालो, "तुम्ही जा."

हे पत्र तेच टाकतील. बोट खाली थांबलीय. आईला एवढंच सांगा, की परवानगी आलीच नाही.

तुमचा
नितेश