मदत करणारा तोच चोर

५ जानेवारी
थंडी कडक. सूनबाईंनी नवी गुन्हेगारी मालिका लावली. तीन भाग झाले तरी इन्स्पेक्टरचा घटस्फोटच चाललाय, आणि पडद्यावर नुसता काळोख. आमच्या वेळी इन्स्पेक्टरला घरदारच नसायचं. पाऊण तासात खुनी हातात.

नाशिक रोडच्या क्वार्टर्समध्ये रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे. दर आठवड्याला सतरंजीवर दाटीवाटी. जाहिराती लागल्या की चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. माझा नियम ठरलेला: पोलिसांना जास्त मदत करतो तोच. बहुतेक वेळा बरोबर. शेजारच्या वसंताला मात्र खुनी आधीच दाखवणाऱ्या गोष्टी आवडत. म्हणायचा, पकडला कसा जातो ते बघण्यात खरी गंमत. काय दिवस होते.

९ जानेवारी
क्वार्टर्स सुटल्यावरही आम्ही एकाच इमारतीत. वसंता वरच्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट विकून सटाण्याला चाललाय. कायमचा. वॉचमनकडून कळलं. मला कशाला सांगेल तो.

१० जा.
लिहूनच टाकतो. क्वार्टर्समध्ये असताना सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ हरवलं होतं. वसंता दोन दिवस माझ्याबरोबर शोधत होता, मोरीची जाळीसुद्धा उचलली त्याने. आणि मी शहाणा! मालिका संपल्यावर सगळ्यांना बसवून ठेवलं, इन्स्पेक्टरसारख्या येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी बोट वसंताकडे केलं. कोणी हसलं नाही. तो उठला, चपला घातल्या, गेला.

पुढच्या थंडीत स्वेटर काढला तर खिशात घड्याळ. हिला म्हटलं, कुठे बोलू नकोस. माफी मागायची राहिली. राहिली कसली, मागितलीच नाही. लाज वाटते.

१४ जा., संक्रांत
तिळगुळाचं निमित्त करून वर गेलो. खोकी बांधणं चाललेलं. सगळं सांगितलं. स्वेटर, खिसा. तो दोरीला गाठ मारत राहिला.
"घड्याळ सापडलं त्याच आठवड्यात वहिनींनी येऊन सांगितलं होतं मला."
म्हणजे हिने मरेपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही. यानेही नाही. इतकी वर्षं जिन्यात भेटलो की "काय, बरं?" एवढंच. विचारलं, तू बोलला का नाहीस?
"तू कधी बोलतोस ते बघत होतो."
माफ कर म्हटलं. डोळे भरून आले माझे, त्याचे नाही.
"मला माहीतच होतं रे. मला सांगून काय उपयोग? त्या दिवशी माझी मीना तिथं बसलेली, दहा वर्षांची. तिला सांग."
तिळगूळ घेतला. खाल्ला नाही, खोक्यावर ठेवला.

१६ जा.
सकाळी टेम्पो गेला. मी गॅलरीतून बघितलं, खाली उतरायचं धैर्य झालं नाही. जाताना वॉचमनकडे माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेला. मीनाचा नंबर, बाकी एक अक्षर नाही.

ती आता सटाण्यातच शाळेत शिकवते म्हणे. आमच्या घरी चिठ्ठ्या गोळा करायचं काम तिचं असायचं. मोठी माणसं चुकली की टाळ्या पिटायची. त्या दिवशी बापाच्या मागोमाग गेली ती पुन्हा आलीच नाही.

तीनदा नंबर काढून फोन ठेवून दिला. संध्याकाळी लावला. तिनेच उचलला. नाव सांगितलं. मागे कुकरच्या शिट्टीचा आवाज. गॅस तिने बंद केला असावा.
मग म्हणाली, "बोला काका. ऐकतेय."